मूठभर साखर, ते चिमूटभर

आंबूबायने कुंदाच्या तोंडावर हात ठेवला.

कुंदा तिला सांगत होती, ‘‘तांब्याभर पाणी घ्यायचं, आजी. त्यात चिमूटभर मी...’’ एवढ्यात तो हात आला. सुरकुतलेला, मिठाने तडकलेला हात.

‘‘दिवा लागलाय, बाय,’’ आंबूबाय म्हणाली. ‘‘आता त्याचं नाव नको घेऊ.’’

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मी दारात लुना धरून उभा होतो. कोंढरीचा पाडा म्हणजे खाडीकाठचं मिठागर आणि त्याच्या बांधावरची तीस-बत्तीस घरं. आम्ही दोघं नवरा-बायको घाटावरची माणसं. इथे बदलून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दिवेलागणीनंतर मिठाचं नाव घेत नाहीत, ही तिथली चाल आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

‘‘बरं आजी, नाही घेत,’’ कुंदा हसून म्हणाली. ‘‘साखर मूठभर, ते चिमूटभर. तांब्याभर पाण्यात. चालेल?’’

‘‘चालंल. साखर मूठभर, ते चिमूटभर.’’

‘‘पुन्हा सांगा.’’

‘‘साखर मूठभर, ते चिमूटभर, तांब्याभर पानी. पोरीला जुलाब झाला का वाटीवाटीनं पाजायचं. मी काय शालेतली पोर हाय का, तीन-तीनदा म्हणून घेतेस?’’

‘‘मी सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेते. परवा सरपंचांकडूनही घेतलं.’’

‘‘त्याला आलं का?’’

‘‘तिसऱ्या वेळी आलं.’’

आंबूबाय खुदकन हसली. कोपऱ्यात तिची सून हौसा पडून होती. तिला आदल्या दिवसापासून जुलाब होते. आता थांबले होते, पण उठवत नव्हतं. तिच्याजवळ साडेतीन वर्षांची प्रमिला. पोरीचे डोळे आत गेले होते, ओठ सुकले होते, पण ती पाणी मागत होती आणि पीत होती. पीत असेल तर घाबरायचं कारण नाही, हे कुंदा नेहमी सांगायची.

निघताना तिने पिशवीतून कागदाची एक पुडी काढून आंबूबायच्या हातात दिली. ‘‘हे घ्या. घरात नसेल तर म्हणून आणलंय.’’

ती साखर होती. आमच्या घरच्या डब्यातली. पाड्यावर सगळे गुळाचा चहा पितात हे तिला ठाऊक होतं. जुलाबाच्या सरकारी पुड्या संपून दोन दिवस झाले होते आणि नव्या परवा येणार होत्या. म्हणून तिने त्या दिवशी सकाळी सगळा डबा रिकामा करून वीस पुड्या बांधल्या होत्या. मी कोरा चहा बिनसाखरेचा प्यायलो होतो.

हे सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमधलं. पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता आणि त्या पाण्यातून जुलाबाची साथ आली होती. कुंदा तिथल्या उपकेंद्रात नर्स होती. मी तालुक्याच्या रुग्णालयात रक्त तपासायचो. कुंदा गेल्या कार्तिकात गेली. ती असती तर ही गोष्ट तिनेच सांगितली असती, आणि यापेक्षा कमी शब्दांत.

लुनावरून परतताना तिने मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. ‘‘आज अकरा घरं झाली. अकरांपैकी एकालाही सलाईन लावायची वेळ येणार नाही. लिहून घ्या.’’

‘‘लिहून घेतलं,’’ मी म्हणालो. मला खात्री होती. तिला होती म्हणून मला होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला रुग्णालयाच्या आवारात टेम्पो येऊन थांबला. आधी मोरेश्वर उतरला, हौसाचा नवरा, मिठागरावरचा मजूर. त्याच्या हातांवर प्रमिला होती. मागून आंबूबाय. तिने पदराखाली एक झाकलेला तांब्या धरला होता.

‘‘वाटेत आकडी आली तिला,’’ मोरेश्वर म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता की कुणाशीच नाही, कळत नव्हतं. ‘‘डोले फिरवले. हातपाय ताठ.’’

डॉक्टर खानोलकरांनी पोरीला आत घेतलं. पोरसवदा माणूस, शिकून येऊन दोन वर्षं झालेली, पण हात चांगला. ‘‘गुजर, रक्त घे. आधी रक्त, मग सलाईन,’’ ते म्हणाले. मी रक्त घेतलं. पोरगी किंचाळली. तो आवाज मला आवडला नाही. जुलाबाने वाळलेलं पोर असं किंचाळत नाही, कण्हतं. शिवाय ती धापा टाकत होती, लांब आणि खोल.

नळी घेऊन मी बाहेर आलो. वऱ्हांड्यात बाकावर आंबूबाय बसली होती. नर्सने पोरीला क्षणभर तिच्या मांडीवर दिलं होतं, आत पलंग लावेपर्यंत. आंबूबाय तांब्यातून चमचा भरून पोरीच्या ओठांना लावत होती. पोरगी मान फिरवत होती.

‘‘सिस्टरनी सांगितलेलं,’’ ती मला म्हणाली. ‘‘कालपासून पाजतेय. सोडलं नाय.’’

‘‘शाबास, आजी,’’ मी म्हणालो. ‘‘द्या, देत राहा.’’

हे मी म्हणालो. ते माझ्या ध्यानात कायमचं राहिलं.

*

माझ्याकडे तेव्हा एक यंत्र होतं. त्यात गॅसची बारीक ज्योत जळायची. रक्तातला पाण्यासारखा भाग पातळ करून त्या ज्योतीत सोडायचा. आत सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते. चुलीत मीठ पडल्यावर होते तशीच. जितकं सोडियम जास्त, तितकी ज्योत जास्त पिवळी, आणि तितका काटा पुढे.

जुलाबात पाणी जातं हे सगळ्यांना कळतं. पाण्याबरोबर आणखी काय जातं, ते त्या काट्यावर दिसायचं. सोडियम जातं. पोटॅशियम जातं, मग पोट फुगतं आणि पोर मान टाकतं. आणि रक्तातलं आम्ल मारणारा सोडा जातो. तो गेला की रक्त आंबट होतं, आणि शरीर खोल श्वास घेऊन घेऊन ते आम्ल बाहेर टाकायला बघतं. नवीन माणसाला वाटतं न्यूमोनिया झाला. प्रमिलाची धाप तीच होती, त्यात मला शंका नव्हती.

त्या आठवड्यात मी चाळीसएक नमुने तपासले होते. निरोगी माणसाचं सोडियम एकशे चाळीसच्या आसपास असतं. जुलाबाच्या त्या चाळीस जणांचं एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे तेहतीस असं येत होतं. नमुना लावायच्या आधीच मी आकडा सांगू शकलो असतो.

प्रमिलाचा नमुना लावला. काटा पुढे गेला आणि जाऊन थांबला.

एकशे एकाहत्तर.

मी नळी धुतली, पुन्हा लावला. एकशे एकाहत्तर. ज्याचा आकडा ठरलेला असतो असं द्रावण बाटलीत ठेवलेलं असतं. ते लावलं, त्याचा आकडा बरोबर आला. तरीही मी बाही वर केली, डाव्या दंडाला रबर बांधलं आणि माझंच रक्त काढलं. एकशे एकोणचाळीस. यंत्र ठीक होतं. मी ठीक होतो. पोरगी ठीक नव्हती.

बाकीचे आकडेही लिहिले आणि कागद घेऊन वॉर्डात गेलो.

डॉक्टरांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘गुजर, हिला समुद्रात बुडवून आणलंय का?’’

‘‘दोनदा लावून बघितलं, सर.’’

‘‘सलाईनच्या हातातून रक्त घेतलं असशील.’’

‘‘सलाईन लावायच्या आधी घेतलं. तुमच्यासमोर. आणि सर, सलाईनमध्येच एकशे चोपन्न असतं. सगळं सलाईन मिसळलं तरी एकशे एकाहत्तर कसं होईल?’’

त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. जुलाबाच्या पोराची कातडी तशीच उभी राहते. हिची राहिली नाही. भिजवलेल्या कणकेसारखी लागत होती. डॉक्टरांनी दोनदा करून बघितलं.

‘‘ऐक,’’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘हा आकडा खरा असेल तर मला हळू जावं लागेल. दोन दिवस, थेंबाथेंबाने. या मेंदूला एकदम पाणी मिळालं तर तो सुजेल आणि पोरगी जाईल. आणि आकडा खोटा असेल, आणि मी हळू गेलो, तर दुपारपर्यंत वाळून जाईल. दोन्हीकडून मीच मारणार. मला आकडा देऊ नकोस. कारण दे. हिच्या रक्तात एवढं मीठ आलं कुठून?’’

माझ्याकडे कारण नव्हतं. पण आकडा होता.

‘‘आकडा खरा आहे, सर,’’ मी म्हणालो.

‘‘नोकरी पणाला लावशील?’’

‘‘लावली.’’

त्यांनी सलाईनची कळ अर्ध्यावर आणली. ना पुरती उघडी, ना पुरती बंद. ‘‘पंधरा मिनिटं,’’ ते म्हणाले. ‘‘तेवढ्यात कारण शोध.’’

*

मी वऱ्हांड्यात आलो तेव्हा कुंदा फाटकातून येत होती. सकाळी ती पाड्यावर गेली होती. घराला कडी होती, हौसाला शेजारणीने आपल्याकडे नेलं होतं. तिने सांगितलं, पोरीला रुग्णालयात नेलंय. मिळेल त्या गाडीने ती आली होती.

‘‘काय झालं?’’

मी सांगितलं. एकशे एकाहत्तर म्हणताच ती थांबली. तिला आकड्यांचं कळायचं.

‘‘होणार नाही,’’ ती म्हणाली.

‘‘झालंय.’’

तिने आंबूबायकडे पाहिलं. म्हातारी मांडीवर तांब्या धरून बसली होती. कुंदा तिच्यासमोर उकिडवी बसली. ‘‘आजी, बघू ते पाणी.’’ तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मी तिच्यासोबत एकोणचाळीस वर्षं काढली. तिचा चेहरा तसा झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. रडवेला नाही, घाबरलेला नाही. गणित चुकल्याचं दिसल्यावर हुशार मुलीचा होतो तसा.

‘‘आजी, यात काय घातलंत?’’

‘‘तू सांगितलंस तेच. साखर मूठभर, ते चिमूटभर.’’

‘‘साखर कुठली?’’

‘‘घरची. आगरावरची.’’

‘‘आणि ते चिमूटभर?’’

‘‘तुजी पुडी.’’ आंबूबायने कमरेची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. जवळजवळ भरलेली होती. ‘‘जपून वापरली. औषद हाय.’’

कुंदाने पुडीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. ‘‘आजी, मिठागरावर साखर कुठून येईल?’’

आंबूबाय तिच्याकडे अशी बघायला लागली, जशी कुंदाच अडाणी आहे. ‘‘दिवा लागल्यावर मिठाला साखरच म्हणतात ना, बाय. त्याचं नाव घेत नाय कोनी. तू तर नाव घेता घेता थांबलीस आनि लगेच साखर बोललीस. मना वाटलं, शिकली पोर.’’

मग म्हातारी हळूहळू तांब्याकडे बघायला लागली.

‘‘चव नाही बघितली तुम्ही?’’ मी विचारलं.

‘‘औषदाची काय चव बघायची?’’ तिचा आवाज बारीक झाला. ‘‘पोर तोंड फिरवत होती. ओकत होती. मी नाक दाबून पाजलं. चमचा चमचा.’’ मग ती म्हणाली, ‘‘मी काय केलं, बाय?’’

तीनदा म्हणून घेतलं होतं. तिन्ही वेळा शब्दन् शब्द बरोबर होता.

मोरेश्वर भिंतीशी उभा होता. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी कळत चाललं होतं. मी कुंदाचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

‘‘डॉक्टरांना एवढंच सांग की, म्हातारीने चुकून मीठ घातलं,’’ मी म्हणालो. ‘‘तेवढंच त्यांना लागतं. ते खरंही आहे.’’

‘‘खरं नाही.’’

‘‘कुंदा, ही पाड्यावरची माणसं आहेत. नर्सने पोरीला मीठ पाजलं, एवढंच सगळीकडे जाईल. तुला पुन्हा पाड्यावर पाय ठेवू देणार नाहीत. शिवाय वरून...’’

‘‘आजीने काही चुकवलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं. रात्रभर न सोडता केलं. मला सगळे पेशंट असेच हवे असतात.’’

माझा हात तिने सोडवला आणि ती आत गेली. मी मागोमाग गेलो.

‘‘सर, आकडा बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मीठ पोटातून गेलंय. तांब्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर साखर आहे. चाखून बघा. काल संध्याकाळी मी सांगितलं, त्यात उलटसुलट झालं. चूक माझी आहे.’’

डॉक्टर खानोलकर तिच्याकडे वळले. ‘‘लिहून देशील?’’

‘‘देते. आधी सलाईन बदला.’’

त्यांनी बाटली बदलली, कळ फिरवली, घड्याळ हातात घेऊन थेंब मोजले. मग कळ आणखी थोडी फिरवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘गुजर, दर सहा तासांनी आकडा. उतरायला हवा, पण पळायला नको. दिवसाला दहाच्या वर उतरला तर मला येऊन सांग, मी जेवत असलो तरी.’’

कुंदाने नर्सच्या टेबलाशी बसून एक पान लिहिलं. अक्षर नेहमीसारखं होतं. मी वाचलं. त्यात म्हातारीचं नाव कुठेही नव्हतं.

*

दुपारी एकशे एकोणसत्तर. संध्याकाळी एकशे सदुसष्ट. रात्रभर मी प्रयोगशाळेतच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे बासष्ट. एवढं बरोबर उतरणारं सोडियम मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. लघवी सुरू झाली तसं डॉक्टरांनी बाटलीत पोटॅशियम घातलं. पोट फुगलं होतं ते बसायला लागलं. धाप कमी झाली. सोड्याचा आकडा अकरा होता तो पंधरावर आला. कुंदा पलंगाशी स्टुलावर बसलेली असायची. मध्ये उठून उपकेंद्राचं काम करून यायची, पुन्हा बसायची.

पोरगी मात्र डोळे उघडत नव्हती. पहिल्या दिवशी दुपारी आणखी एकदा आकडी आली होती. आत काय उरलंय, ते माझ्या यंत्रात दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाड्यावरची सात-आठ माणसं आली. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. मोरेश्वर त्यांच्यापुढे होता. कुंदा वऱ्हांड्यात आली.

‘‘माज्या पोरीला तू मीठ पाजायला सांगितलंस?’’ मोरेश्वरने विचारलं. दिवस होता, नाव घ्यायला हरकत नव्हती.

‘‘मी साखर म्हणाले. तुमच्याकडे साखर म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला हवं होतं. चूक माझी आहे.’’

‘‘तिची नाय,’’ मागून आंबूबाय म्हणाली. आदल्या दिवसापासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. ‘‘पाजलं मी. माज्या हातानं. नाक दाबून.’’

‘‘सांगितलं मी.’’

‘‘पाजलं मी, बाय. तू मधे बोलू नको.’’

‘‘आजी, तुम्ही गप्प बसा.’’

‘‘तू गप्प बस. माजी नात हाय.’’

भांडायला आलेल्या माणसांना काय करावं कळेना. दोन बायका गुन्हा आपल्याकडे ओढत होत्या आणि कुणीच तो दुसरीकडे जाऊ देत नव्हती. मोरेश्वर एकदा आईकडे बघायचा, एकदा कुंदाकडे. शेवटी तो खाली बसला आणि त्याने डोकं धरलं. ‘‘पोर उठली का ठरवू,’’ तो म्हणाला. बाकीचेही बसले.

काय ठरवू, ते सगळ्यांना कळलं होतं. पोर उठली नाही तर काय, तेही.

ते सगळे दिवसभर तिथेच बसून राहिले. संध्याकाळचा आकडा एकशे सत्तावन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे बावन्न. मी आकडा घेऊन वॉर्डात शिरलो तेव्हा कुंदा पलंगावर वाकली होती. मला वाटलं, संपलं.

‘‘काय म्हणते ती?’’ मी विचारलं.

‘‘शू.’’ कुंदाने कान पोरीच्या तोंडाशी नेला. मग ती सरळ झाली. ‘‘सुकट मागतेय.’’

‘‘काय?’’

‘‘सुकट आणि भात. म्हणते, आजीला सांग.’’

कुंदा वऱ्हांड्यात गेली आणि आंबूबायला तेवढंच सांगितलं. म्हातारीने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मोरेश्वर उठून उभा राहिला. जाताना फाटकापाशी तो थांबला.

‘‘सिस्टर, पाड्यावर येत जा,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त दिवा लागायच्या आत ये.’’

*

कुंदाच्या कागदावर वरून ठपका आला. तिने तो फाईलला लावला आणि फाईल नीट ठेवली. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे नवीन गावात गेल्यावर पहिले आठ दिवस ती औषधाचं काही बोलायचीच नाही. बायकांत बसून विचारायची, तुमच्याकडे मिठाला काय म्हणतात, सकाळी काय, संध्याकाळी काय, बाळंतिणीसमोर काय. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय.

आणि तीनदा म्हणून घेणं तिने बंद केलं. त्याऐवजी ती समोर पाणी करायला लावायची आणि आधी स्वतः चाखायची, मग करणारीला चाखायला द्यायची. ‘‘डोळ्यांतलं पाणी कधी ओठावर आलंय ना?’’ ती विचारायची. ‘‘त्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. पोराच्या तोंडाला लावू नका.’’ ती कोंढरी सोडून गेल्यावरही आंबूबाय हेच घरोघरी सांगत फिरायची. दिवा लागल्यावर सुद्धा. तिला त्यात मिठाचं नाव घ्यावं लागत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही त्याच तालुक्याच्या गावी घर घेतलं. कुंदाला खाडीचा वारा आवडायचा.

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी संध्याकाळी प्रमिला आली. आता ती चाळिशीच्या पुढची. बाजारात तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे, दोन मुलं कॉलेजात आहेत. पाहुणे सगळे गेले होते. तिने घरात नजर टाकली, चूल बघितली, माझं ताट बघितलं.

‘‘काका, सकाळपासून काय खाल्लंत?’’

‘‘चहा.’’

‘‘चहा खात नाहीत.’’ तिने पदर खोचला आणि तांदूळ शोधून पेज टाकली. मी खुर्चीवर बसून बघत राहिलो. बाहेर अंधारायला लागलं होतं. तिने देवापुढचा दिवा लावला, परत आली, पेज ढवळली आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला.

‘‘काका, साखर कुठं ठेवलीय?’’

मी उठलो, फळीवरची मिठाची बरणी काढली आणि ओट्यावर ठेवली. हातात दिली नाही. तिने चिमूटभर घातलं, पळीने ढवळलं, तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली.

मी वाटी तोंडाला लावून प्यायला लागलो.

‘‘कशी झालीय?’’ तिने विचारलं.

‘‘थोडी खारट आहे,’’ मी म्हणालो.

तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा चाखली. मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘पेज बरोबर हाय, काका,’’ ती म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला आणि वाटी संपवली.